चौथ्या मिनिटाला अण्णा उठतात

माझ्या धंद्यात सिनेमे कमी होतात आणि किस्से फार. सोळा वर्षांत मी पाच सिनेमे केले. किस्से मात्र दर शूटिंगला दोन-तीन पदरात पडले, आणि ते ठेवायला हार्ड डिस्कसुद्धा लागत नाही! म्हापशाला मित्र भेटले की कोणीतरी म्हणतंच, "तुझा सिनेमा नको, त्याचा किस्सा सांग." मी सांगतो. ते पोट धरून हसतात. मग सगळे आपापल्या बायकापोरांकडे जातात आणि मी मोटरसायकलला किक मारून माझ्या गावी, पार्सेला परत येतो.

नवीन माणसासाठी सांगतो. माझे सिनेमे प्रायोगिक. म्हणजे त्यांत गोष्ट नसते, गाणं नसतं, नट तर नसतातच. पेडणे आणि डिचोलीच्या बाजूला एखादी जागा बघून मी कॅमेरा लावतो आणि थांबतो. शेत, पाट, काजूची भट्टी, खाणीचा खड्डा. तिथे माणसं काय करतात आणि माती-पाणी काय करतं, एवढंच बघायचं. परदेशातल्या दोन-चार फेस्टिव्हलांत याला बरा मान आहे. गावात मात्र आजवर एकाही माणसाने माझा एकही सिनेमा आवडीने शेवटपर्यंत बघितलेला नाही.

गावाचं सोडा, घराचं सांगतो. आई जाऊन नऊ वर्षं झाली. घरात आम्ही दोघंच, मी आणि अण्णा. अण्णा म्हणजे माझे वडील, निवृत्त मराठी शिक्षक, वय एकोणऐंशी. सिनेमा कुठलाही असो, अण्णा चौथ्या मिनिटाला उठतात. इतकी वर्षं एकदाही मिनिट चुकलं नाही! मला बाकी कोणाकडून काही नको. अण्णांनी एकदा, एकदाच, शेवटपर्यंत बसावं एवढीच इच्छा होती. हे मी मित्रांना सांगत नाही. हसता हसता मध्येच गप्प झालेली माणसं मला बघवत नाहीत.

*

पहिला सिनेमा मानशीवर होता. मानस म्हणजे खाडीकाठच्या खाजन शेताच्या बांधातली लाकडी दारं. भरतीचं खारं पाणी ती अडवतात आणि ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडतात. आमच्या बाजूची कितीतरी भातशेती या दारांच्या जिवावर उभी आहे. म्हटलं, गावाला आपल्या मानशीचं दर्शन घडवू.

रविवारी दुपारी चार वाजता शाळेच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावला. साठेक माणसं आली. बायका वेण्या माळून आल्या होत्या. पहिलाच शॉट नऊ मिनिटांचा. बंद दार, आणि त्याच्यावर हळूहळू चढत जाणारं पाणी.

पहिली दोन मिनिटं सगळे सावरून बसले. तिसऱ्या मिनिटाला मागून आवाज आला, "अडकलें दिसता."

चौथ्या मिनिटाला अण्णा उठले. "गॅस चालू राहिला की काय, बघून येतो," म्हणाले आणि गेले ते गेलेच.

पाचव्या मिनिटाला शांताराम उठला. शांताराम गावचा इलेक्ट्रिशियन, त्याला कोणी सांगावं लागत नाही. तो सरळ टेबलावर चढला आणि प्रोजेक्टरच्या कुशीत दोन गुद्दे घातले. नेमका त्याच क्षणी पडद्यावर डावीकडून एक खंड्या आला आणि उजवीकडे उडून गेला. हॉलमध्ये टाळ्या! "चललो! चललो!" शांताराम छाती काढून खाली उतरला.

पुढे परत दार, परत पाणी.

"परत अडकलो रे! शांताराम, आनीक एक मार!"

सिनेमा संपला तेव्हा हॉलमध्ये आम्ही दोघं होतो. मी, आणि दाराशी विडी ओढून परत आलेला शांताराम. तो थांबला होता कारण एक्स्टेन्शन बोर्ड त्याचा होता. वायर गुंडाळताना त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "वायट मानूं नाका. तुजी चूक ना. मशीन जुनें आसतलें."

*

अण्णा माझी ओळख कशी करून देतात? "मुलगा कॅमेऱ्याचं करतो." बास. पुढे एक अक्षर नाही. त्यामुळे पेडणे तालुक्यात अर्ध्या लोकांचा समज आहे की मी लग्नांचे व्हिडिओ करतो.

अण्णांच्या एका जुन्या सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न ठरलं. त्यांनी अण्णांना विचारलं, अण्णांनी मला न विचारता हो म्हटलं. त्यांच्या शब्दाखातर मी गेलो. अण्णा पहिल्या रांगेत कोट घालून बसलेले. आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्या कामाकडे अभिमानाने बघत होते. मला वाटलं, आज यांना दाखवूच आपण काय आहोत ते!

महिन्याने नवरीच्या घरी सगळे व्हिडिओ बघायला जमले. पंधरा-वीस मिनिटं झाली. नवरीच्या आईने हळूच विचारलं, "बाबा, म्हजी चली खंय आसा?"

"आहेत ना, तिचे हात आहेत. मेंदी सुकताना. आता सतराव्या मिनिटाला आले बघा."

"आनी नवरो?"

"त्याच्या चपला आहेत. मांडवाच्या दाराशी."

अक्षता पडल्या त्या वेळी मी काय शूट केलं होतं? जमिनीवर सांडलेल्या अक्षता आणि त्यांच्याकडे निघालेल्या मुंग्या. मला आजही तो शॉट चांगला वाटतो. सहा मिनिटांचा आहे. अण्णा तिथेही चौथ्या मिनिटाला उठले होते, पण या वेळी गॅस वगैरे काही बोलले नाहीत. चपला घातल्या आणि निघाले.

त्या लोकांनी शेवटी दुसरा फोटोग्राफर बोलावला. पुढच्या रविवारी दोन्ही घरची माणसं परत शालू-फेटे घालून मांडवात उभी राहिली आणि लग्न नव्याने काढून घेतलं. माणसं चांगली हो. मलाही आग्रहाने जेवायला बोलावलं. फक्त एक निरोप वेगळा दिला, "येतना कॅमेरो हाडूं नाका."

*

दुसरा सिनेमा काजूचा. तुये गावाच्या वर, डोंगरावरच्या सड्याकडे मी ट्रायपॉड घेऊन चार दिवस फिरत होतो. त्याच सुमारास तिकडून एक रस्ता जाणार अशी बातमी होती. आमच्याकडे तीन पायांचं काहीही घेऊन कोणी डोंगरावर उभा राहिला की लोकांना रस्ता दिसू लागतो. आज लांबून बघतो, उद्या खुणेचे दगड, परवा बुलडोझर!

पाचव्या दिवशी एक म्हातारे गृहस्थ समोर येऊन उभे राहिले. गोपाळबाब. गुडघ्यापर्यंत धोतर, हातात कोयता. म्हटलं, झालं, आता पळा. पण त्यांनी कोयता झाडाला टेकवला आणि मला घरी नेऊन कोकमाचं सरबत दिलं.

"मी सर्व्हेवाला नव्हे. सिनेमा करतो."

"सगळे तशेंच सांगतात," गोपाळबाब शांतपणे म्हणाले.

मग माझा हात धरून त्यांनी बागेतलं एकेक झाड दाखवलं. हें बापायन लायिल्लें. हें म्हज्या लग्नाच्या वर्सा. हें वादळांत पडिल्लें, परत उबें केलें. मी कॅमेरा चालू ठेवला होता. त्या सिनेमातला सगळ्यात देखणा भाग तोच आहे. शेवटी ते थांबले आणि त्यांनी मला हात जोडले. "म्हजी काजी सोड रे बाबा. तुजी रेग मातशी तेवटेन व्हर."

ऐंशीच्या घरातला माणूस आपल्यापुढे हात जोडून उभा, रस्त्याची रेघ जरा पलीकडे ने म्हणून. तोंडातून निघून गेलं, "बरं, बघतो."

हे 'बघतो' म्हणजे माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक. कारण काही महिन्यांनी रस्त्याची आखणी झाली आणि ती टेकडीच्या पलीकडून गेली!

तेव्हापासून दर मे महिन्यात गोपाळबाब बसने पार्सेला येतात. पिशवीत काजूबिया आणि दोन नारळ. मी तीनदा खरं सांगून बघितलं. ते डोळा मिचकावतात. "कळ्ळें, कळ्ळें. सरकारी मनशाक तशेंच सांगचें पडटा."

एकदा मी हट्टाने लॅपटॉप उघडला आणि त्यांना त्यांचीच झाडं दाखवली. दोन मिनिटं त्यांनी निरखून बघितलं. मग इकडेतिकडे बघत झाकण स्वतःच्या हाताने बंद केलं. "हें कागदपत्र आनीक कोणाक दाखोवं नाका."

माझ्या कामाने आपलं भलं झालं असं मानणारा हा जगातला एकच माणूस. आणि ते काम मी केलेलं नाही.

*

आता बाबलो. माझं युनिट म्हणजे बाबलो. डिचोलीचा, पन्नाशीचा, खाणीवर वीस वर्षं खनिजाचा ट्रक चालवलेला. खाणी बंद झाल्या तेव्हा त्याने ट्रक घरामागच्या फणसाखाली उभा केला. आता त्याच्या स्टिअरिंगपर्यंत वेल चढली आहे. घरी बसून कंटाळला म्हणून माझ्याकडे आला.

काम काय? माईकची काठी धरायची आणि गप्प राहायचं. काठी त्याने पहिल्या दिवशी शिकून घेतली. गप्प राहायला तीन वर्षं लागली! वीस वर्षं इंजिनाच्या आवाजावर ओरडून बोललेला माणूस, त्याची कुजबुज नदीच्या पलीकडे ऐकू जायची. पाटाच्या पाण्याचा नाजूक आवाज घेत होतो, तर मध्येच, "आयज घरा बांगडे आसात." तो सिनेमा तसाच गेलाय फेस्टिव्हलला. खाली इंग्रजी सबटायटलसुद्धा आहे.

तिसऱ्या सिनेमासाठी आम्ही डिचोलीच्या बाजूला एका बंद खाणीवर गेलो. आता तो खड्डा राहिलेला नाही, तळं झालंय. हिरवंगार पाणी, वर एक तरंग नाही. अडतीस मिनिटांचा शॉट लावला. वीस मिनिटं झाली आणि बाबलो माईक खाली ठेवून सरळ फ्रेममध्ये चालत गेला! काठावर उभा राहिला. बराच वेळ खाली बघत होता. मग हात उचलून पाण्याच्या मधोमध बोट दाखवलं आणि तसाच उभा राहिला.

शॉट संपल्यावर मी त्याच्यावर तुटून पडलो. तो म्हणाला, "हांगाच सकयल चायचो गाडो आशिल्लो. पयली ट्रीप मारून आमी सगळे थंय. वीस-पंचवीस जाण." आणि नाक शिंकरायला झाडामागे गेला.

मी तो शॉट ठेवला. पुढे परदेशातल्या एका समीक्षकाने त्यावर दोन पानं लिहिली. हा माणूस पृथ्वीच्या हरवलेल्या केंद्राकडे बोट दाखवतो आहे, असं काहीतरी. मी बाबलोला मराठीत समजावून सांगितलं. त्याने अगदी लक्ष देऊन ऐकलं, बराच विचार केला.

"ताका सांग," तो म्हणाला, "चाय बरी आसताली."

*

त्याच सिनेमाबरोबर मी परदेशात गेलो. थंडीचं शहर. दोनशे खुर्च्यांचं थिएटर, त्यात अकरा माणसं. मी मोजली, दुसरं करायला काय होतं? अंधारात मी मागच्या रांगेत बसलो आणि प्रत्येक वेळी दार उघडलं की परत मोजायचो. पण कोणी गेलं नाही. संपल्यावर दिवे लागले आणि बघतो तर तिसऱ्या रांगेत एक बाई रडत होती. चक्क डोळ्यांना रुमाल लावून!

मी जवळजवळ धावतच गेलो. बाई आमच्याकडचीच निघाली. बार्देशची. तिकडे म्हाताऱ्या माणसांची देखभाल करते. म्हणाली, "तो पोदेराचो पोंपों आयकलो आनी माका रावूंक जालें ना."

आमच्याकडे सकाळी सायकलवरून पाव घेऊन येणाऱ्याला पोदेर म्हणतात. त्याच्या भोंग्याचा आवाज सिनेमात सात सेकंद आहे, तोही चुकून आलेला.

"आणि बाकीचा सिनेमा?" मी विचारलं.

ती ओशाळली. "सात वर्सांनी अशी न्हीद लागली रे बाबा. पोंपोंनच जागी जालें."

मग आम्ही दोघं थिएटरच्या पायऱ्यांवर उभे राहून पाऊण तास पावाबद्दल बोललो. कुठला उंडो कडक असतो, कुठला मऊ. तिची बस आली, ती गेली. त्या आठ दिवसांत मी कोणाशी एवढं बोललो नव्हतो.

हॉटेलवर येऊन अण्णांना फोन लावला. त्यांनी नेहमीप्रमाणे आधी जेवणाचं विचारलं. मग विचारलं, "लोक आशिल्ले?"

"होते की."

"शेवटाक मेरेन बसले?"

"हो अण्णा! एकसुद्धा उठला नाही!"

मला वाटलं, आता काहीतरी चांगलं बोलणार.

"भायर बर्फ आसतलें," अण्णा म्हणाले. "उठून वतले खंय?"

*

आमच्या बाजूला नवा विमानतळ झाला आणि बाबलो टॅक्सीवर गेला. त्याला मी काय अडवणार? जाताना त्याने माईकची काठी पुसून, पिशवीत घालून, माझ्या हातात दिली. "एकटो वचूं नाका रे," म्हणाला. पण सोबत येणार कोण? पाचवा सिनेमा मी एकट्यानेच केला.

तो भाताच्या एका शेताचा होता. पेरणीपासून कापणीपर्यंत तेच शेत, तीच जागा. रोज सकाळी सहा वाजता मी बांधावर ट्रायपॉड लावायचा आणि मागे स्टुलावर बसायचं. हललो की चिखलात स्टूल हलतं, त्याचा आवाज येतो, म्हणून हलायचं नाही. तीन-तीन तास. पहिला आठवडा कठीण गेला. मग सवय झाली, आणि त्याचीच भीती वाटू लागली. पुढे पुढे बगळे माझ्या पायाशी येऊन बसायचे. घरी आल्यावर अण्णा पेपर वाचायचे, मी फुटेज बघायचो. दिवसात दहा वाक्यं झाली तर पुष्कळ.

शेत भरात आलं तेव्हा एका संध्याकाळी शेजारच्या सुशीलावयनी अण्णांकडे आल्या. हातात हळदीच्या पानातल्या गरम पातोळ्या. म्हटलं, काहीतरी काम असणार.

"मास्तर, तुमच्या पुताची एक गजाल आसा."

अण्णांचा चेहरा पडला. लग्नाचा व्हिडिओ आठवला असणार.

"न्हय, तो बसता त्या शेतांत औंदा एक मोर देंवूंक ना. दुकर येवंक ना. आमचें भात अर्दें खावन काबार केलां. ताका मरे दोन दीस आमगेर धाडात! खंयूं बसयल्यार जाता. कॅमेरो नासल्यार चलता."

अण्णा माझ्याकडे बघत होते. मी हो म्हटलं. दोन नाही, चार दिवस त्यांच्या बांधावर बुजगावणं होऊन बसलो. मोर नाही आले. त्यानंतर वाड्यावरच्या आणखी तिघांनी अण्णांना विचारलं, आणि अण्णांनी प्रत्येकाचा वार एका कागदावर नीट लिहून घेतला. माझ्या कामाची अण्णांनी स्वतःहून केलेली ही पहिली नोंद.

*

त्याच चिखलाने मला आडवं केलं. कापणीच्या तोंडावर ताप आला. मी अंगावर काढला. चौथ्या दिवशी डोळे पिवळे झाले आणि लघवी बंद. उंदरांमुळे शेतातल्या पाण्यातून होतो तो ताप. बाबलो विमानतळावरचं भाडं सोडून आला, मला मागच्या सीटवर आडवं घातलं आणि मोठ्या इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी किडनीचं काहीतरी सांगितलं. मला धड ऐकू येत नव्हतं. आत नेताना एवढं दिसलं की अण्णा भिंतीला टेकून उभे आहेत आणि त्यांच्या ओठांची हालचाल होते आहे. मला वाटलं, बाबलोशी बोलतात. पण बाबलो तर माझ्या स्ट्रेचरला धरून होता.

तेरा दिवस होतो तिथे. अण्णा रोज बसने यायचे, दोन बस बदलून. डब्यात पेज, कधी सोबत मुगांची पातळ उसळ, मुगागाठी. मी पेज संपवली की डबा धुवायचे आणि परतीची बस धरायचे. एवढ्या वर्षांत आम्ही इतका वेळ समोरासमोर बसलो नव्हतो.

घरी आलो त्याच्या तिसऱ्या दिवशी सोमवार होता. सकाळी जाग आली तर अण्णा अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून, कपाळाला गंध लावून तयार. देवापुढे समई पेटलेली. चहाचा कप रिकामाच पालथा.

"ऊठ," म्हणाले. "तो शिनेमा लाय."

"कुठला?"

"सगळ्यांत लांब कोणतो?"

सगळ्यात लांब म्हणजे खाणीच्या तळ्याचा. दोन तास सहा मिनिटं. मी म्हटलं, "अण्णा, तो नको. छोटा लावतो."

"लांब तो लाय."

टीव्हीला लॅपटॉप जोडला. मी त्यांची खुर्ची पुढे सरकवली. "कदेल नाका," म्हणाले आणि खाली चटईवर मांडी घालून बसले. गुडघे कुरकुरले ते मला ऐकू आलं.

सिनेमा सुरू झाला. तळं, पाणी. माझं पडद्याकडे लक्षच नव्हतं. मी कोपऱ्यातल्या घड्याळाकडे बघत होतो. दोन मिनिटं. तीन. चौथं मिनिट लागलं आणि मी मुद्दाम खाली बघितलं. पाचवं लागलं तरी ते बसलेलेच होते.

पोदेर येऊन अंगणात भोंगा वाजवून गेला. अण्णा हलले नाहीत. फोन वाजला, वाजून थांबला. सुशीलावयनींनी खिडकीतून हाक मारली, आत डोकावल्या आणि का कोण जाणे, आवाज न करता निघून गेल्या. तासाभराने अण्णांचा पाय थरथरू लागला. मी म्हटलं, "थांबवू का? पाणी घ्या घोटभर." त्यांनी मान न वळवता हाताने नको म्हटलं. पडद्यावर बाबलो येऊन बोट दाखवून गेला. परत तळं. ऊन पाण्यावरून इंच इंच सरकत होतं, तेही माझ्याच हट्टापायी. आयुष्यात पहिल्यांदा मला माझा सिनेमा लांब वाटला. कापायला हवा होता! निदान चाळीस मिनिटं तरी!

शेवटी नावं आली. अण्णांनी तीही वाचली, खालपर्यंत. पडदा काळा झाल्यावर विचारलं, "सोंपलो?"

"संपला."

ते भिंत धरून उठले. मी हात दिला, तो त्यांनी घेतला. देवापुढे आधीच सोलून ठेवलेला नारळ होता, तो त्यांनी पायरीवर फोडला, नमस्कार केला आणि मग तांब्याभर पाणी एका दमात प्याले.

"अण्णा, हे काय?"

"तुका आंत व्हेलो त्या दिसा देवाक सांगिल्लें." ते धोतराच्या सोग्याने तोंड पुसत होते. "पोराक घरा हाड, हांव ताचो सगळ्यांत लांब शिनेमा हालनासतना पुराय पळयतां."

म्हणजे हा नवस होता! मी घरी आलो तर माझा सगळ्यात लांब सिनेमा न हलता पुरा बघायचा. मी म्हटलं, "नारळ-केळी बोलायची होती. लोक तेच बोलतात."

"तें सोपें. सोपें सांगिल्लें देवान आयकलें नासतें जाल्यार?"

मी मनाशी ठरवलं होतं की विचारायचं नाही, आणि तरी विचारलं. "कसा वाटला?"

अण्णांनी तांब्या पालथा घातला. माझ्या कपाळाला हात लावून ताप नाही ना, ते बघितलं.

"परत आजारी पडूं नाका," म्हणाले. "दुसरो शिनेमा पळोवपाचें बळ म्हज्यांत उरूंक ना."